धाकटीच्या गाडीचं पेट्रोल

माझ्या धाकट्या बहिणीच्या गाडीला साधं पेट्रोल चालत नाही. नवी गाडी घेऊन ती आमच्या दारात आली त्याच दिवशी तिने टाकीचं झाकण उघडून आत चिकटवलेली 'ऑक्टेन ९५'ची पट्टी आम्हाला दाखवली, आणि तेव्हापासून आईने ही बातमी सगळ्या सातपूरला पोचवली. भाजीवालीला सांगितली, भजनी मंडळात दोन अभंगांच्या मध्ये सांगितली, दातांच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितली. "आमच्या धाकटीच्या गाडीला साधं चालत नाही हो, पंच्याण्णवचंच लागतं." पंच्याण्णव काय, रुपये की टक्के, हे आईला आजही ठाऊक नाही. पण आकडा मोठा आहे आणि तो धाकटीचा आहे, एवढं तिला पुरतं.

आडून आडून कशाला सांगू? माझ्या पोटात दुखतं. गाडीचं नाही दुखत. तिच्या यजमानांचा द्राक्षांचा धंदा चांगला चालतो, गंगापूर रोडला बंगला आहे, तर घेतील गाडी, त्यात काय. दुखतं ते त्या 'चालत नाही'चं. आपल्याला अमुक चालत नाही असं म्हणायला माणसाला एक थाट लागतो. तो मला कधी जमला नाही, आणि धाकटीला पाळण्यात असल्यापासून जमतो.

लहानपणी तिला पिशवीतलं दूध चालायचं नाही. अशक्त होती ती, मान्य आहे. तिच्यासाठी पंचवटीतल्या एका गवळ्याकडून गाईचं दूध यायचं, वर आलेली साय साखर घालून तिच्याच वाटीत पडायची. मी चहात पोळी बुडवून खायची आणि शाळेत जायची. एकदा मी साय मागितली, तर आईने शेजारणीसमोर माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्या थोरलीला काही लागत नाही. ती कशावरही भागवते." शेजारीण म्हणाली, गुणाची पोर आहे. झालं. तो गुण मला जो चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही. गुणाच्या पोरीला साय मागायची सोय राहत नाही.

आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे राहते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन, गुडघ्यांचा व्यायाम, नात्यातली बारशी आणि दहावे, सगळीकडे मी तिला माझ्या छोट्या गाडीतून नेते. गाडी जुनी आहे, दुसऱ्याच्या हातची घेतलेली, आणि तिला काहीही चालतं. त्या गाडीत आई काय करते? झोपते. पट्टा लावला की घराजवळचं सर्कल ओलांडायच्या आत तिची मान एका बाजूला पडते आणि तोंड उघडतं. मी पुढे बोलत असते, ती घोरत असते. तिकीट काढून एसटीत बसलेल्या बाईसारखी.

आणि धाकटीच्या गाडीत? तिथे आई ताठ. पदर नीट, डोळे समोर, खिडकीच्या वरच्या दांडीला हात. मिरवायचं तर जागं राहायला लागतं ना. गेली दोन-तीन वर्षं लग्नाला जायचं असलं की आई जिना उतरताना आधी विचारते, धाकटी येणार आहे का? येणार असली तर माझ्या गाडीशेजारून चालत जाऊन तिच्या गाडीत बसते. माझ्या गाडीकडे बघतही नाही. मी किल्ली हातात धरून उभी असते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

या वेळी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिन्यात लेकीने आईची ओटी भरायची, अशी आमच्याकडे पद्धत आहे, आणि वडील गेल्यावरही आम्ही ती मोडली नाही. आईच्या मनात आलं की दोघींनी गडावर देवीच्या दारात ओटी भरावी. वणीचा गड म्हणजे तिच्या माहेरचं दैवत, आणि वरती आता देवळापर्यंत रुळांवरची ट्रॉली झाल्यामुळे गुडघ्यांची अडचण नव्हती. धाकटी लगेच फोनवर म्हणाली, मी नेते सगळ्यांना, माझ्या गाडीत गारवा चांगला आहे. मी म्हटलं, मला मागे बसलं की घाटात मळमळतं, मी माझी गाडी काढणार. ते खोटं नव्हतं. खरंही पूर्ण नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की आईने एकदा तरी, कोणी न सांगता, माझ्या गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर बसावं आणि जागं राहावं.

आदल्या दिवशी मी पतसंस्थेतून सुटल्यावर त्र्यंबक रोडच्या पंपावर गेले. पंपावरच्या माणसाने सवयीने साध्याची नळी उचलली. मी काच खाली करून म्हटलं, प्रीमियम, टाकी फुल. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा माझ्या गाडीच्या चेपलेल्या दाराकडे बघितलं आणि दुसऱ्या मशीनकडे गेला. "मॅडम, झिरो बघा," म्हणाला. मी झिरो बघितला आणि मग तो आकडा पळताना बघितला. काय सांगू, साय खाल्ल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता हसायला लागला. तो अंबडला इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, त्यामुळे या विषयावर त्याचं ऐकून घ्यावंच लागतं. म्हणाला, अगं, तुझ्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. लोकांना वाटतं ऑक्टेन म्हणजे ताकद. ताकदबिकद काही नाही. इंजिनात दाब वाढला की हलकं पेट्रोल वेळेच्या आधीच भडकतं आणि इंजिन खडखडायला लागतं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल दाब सहन करतं, ठिणगी पडेपर्यंत भडकत नाही, एवढाच फरक. तुझ्या गाडीत मुळात तेवढा दाबच नाही. शिवाय इथेनॉल मिसळायला लागल्यापासून साध्याचाही ऑक्टेन वाढलाय. तुझ्या बहिणीच्या गाडीला नेहमी चांगलं घालावं, पण एखाद्या वेळी साधं घालून हळू चालवली तर काही होत नाही, आजकालची इंजिनं सांभाळून घेतात. मग आमटी वाढून घेत म्हणाला, "वेळेआधी न भडकणारं ते. खरं तर गाडीत कशाला घातलंस, तूच घोटभर घ्यायचं."

मी ताट उचललं आणि आत गेले. आईला मात्र सांगितलंच. म्हटलं, आई, मी आज धाकटीच्या गाडीत घालतात तेच पेट्रोल भरलं. आई वाती वळत होती. तिने मान वर न करता विचारलं, तुझ्या गाडीला ते कशाला? आणि मला उत्तर द्यायला वेळही न देता म्हणाली, तिला काय, काहीही चालतं.

सकाळी धाकटी आली. आई अनारशांचा डबा आणि ओटीची पिशवी घेऊन खाली उतरली, माझ्या गाडीच्या शेजारून चालत गेली आणि धाकटीच्या गाडीत पुढे बसली. मला खिडकीतून हात केला आणि म्हणाली, तू ये मागून.

तर मी मागून निघाले. एकटी, टाकीभर प्रीमियम घेऊन. दिंडोरी रोडला लागल्यावर आमच्यात एक ट्रॅक्टर होता, तो वळला आणि पुढच्या गाडीच्या काचेतून मला आईचा अंबाडा दिसायला लागला. ताठ. जराही हलत नव्हता. हात दांडीला. मधून मधून धाकटीकडे वळून काहीतरी बोलत होती, धाकटी मान हलवत होती. इतकं काय बोलत असेल ही बाई? माझ्याशी तर नाशिकहून कळवणपर्यंत अक्षर बोलत नाही. मी गाणी लावली, बंद केली, पुन्हा लावली. माझी गाडी त्या महागाच्या पेट्रोलवर काही वेगळी चालते का ते कान देऊन ऐकलं. चांगली चालत होती. काल चालत होती तशीच.

दिंडोरीच्या पंपावर धाकटीने गाडी वळवली. आदल्या दिवशी ती पुण्याहून आलेली, आणि सकाळी गंगापूर रोडच्या तिच्या ठरलेल्या पंपावर प्रीमियमचं मशीन बंद होतं. वाटेत भरू, असं म्हणून ती तशीच निघाली होती. दिंडोरीला प्रीमियम नव्हतं. वणीच्या पंपावरही नव्हतं. तिच्या गाडीत पिवळा दिवा लागला होता आणि पुढे नांदुरीपासून गडाचा घाट. धाकटी खाली उतरली, तिचा चेहरा रडवेला झाला होता. यजमानांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही.

खरं सांगते, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण उन्हात आई गाडीत बसलेली, म्हणून मी नवऱ्याने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. थोडं साधं भर, घाटात जोरात पाय देऊ नकोस, काही होणार नाही. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या गाडीकडे बघत म्हणाली, "ताई, तुझ्या गाडीचं वेगळं असतं गं."

हिच्यासाठी मी चांगुलपणा करायला गेले होते. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी म्हटलं, बरं बाई, वेगळं तर वेगळं, ठेव तुझी गाडी नांदुरीला आणि चला माझ्या गाडीतून. माझ्यात तुझंच पेट्रोल आहे. तिने चमकून माझ्याकडे बघितलं. हे वाक्य म्हणायला मिळालं म्हणून त्या टाकीचे पैसे वसूल झाले.

नांदुरीला एका हॉटेलच्या सावलीत तिने गाडी लावली, कुलूप दोनदा ओढून बघितलं, आणि डबा मांडीवर घेऊन माझ्या गाडीत मागे बसली. आई पुढे, माझ्या शेजारी. अखेर बसली. आपणहून नाही, पण बसली. मी एसी बंद केला, दुसरा गिअर टाकला आणि घाट चढायला लागले. माकडं कठड्यावर बसून होती, खाली सगळं रान वाळून पिवळं पडलं होतं. मी आईला म्हटलं, बघ, लहानपणी आपण इथून चालत चढायचो.

बघते तर आई झोपलेली. पहिल्या वळणालाच. मान माझ्याकडे कललेली, तोंड उघडं, ओटीची पिशवी पायाशी घसरलेली. मला इतकी लाज वाटली. धाकटीसमोर तरी जागं राहायचं होतं तिने.

मागून धाकटी पुढे वाकली. आईच्या तोंडाकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "झोपली?"

मी म्हटलं, माझ्या गाडीत ती झोपतेच.

ती बराच वेळ तशीच वाकून बघत राहिली. मग मागे टेकली आणि म्हणाली, "माझ्या गाडीत कधीच नाही झोपत."

मला वाटलं, मिरवतेय. मी पुढचं वळण जरा जोरातच घेतलं.

गडावर गर्दी होती, पण ट्रॉलीची रांग भराभर सरकली. देवीसमोर डोकं टेकून आम्ही बाहेर एका कोपऱ्यात आईला पाटासारखी पिशवी घालून बसवलं. मी थोरली म्हणून आधी ओटी भरली. नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि एक सुती साडी. आईने साडी हातात घेऊन पोत बघितला आणि म्हणाली, उन्हाळ्यात बरी. मग धाकटीने भरली, तिची साडी येवल्याची, काठावर मोर. आईने ती गालाला लावली. तिच्या पदरात दोन्ही नारळ मावेनात, तर माझा नारळ तिने काढून मला परत धरायला दिला. मी धरला. ट्रॉलीतून खाली येईपर्यंत तो नारळ माझ्याच हातात होता, आणि माझ्या मनात त्याचं काय काय करावंसं आलं ते देवीच्या गडावर सांगण्यासारखं नव्हतं.

घाट उतरून नांदुरीला आलो. आई उतरतानाही झोपली होती, गाडी थांबल्यावर जागी झाली. धाकटी आपल्या गाडीपाशी गेली. आता दुसरा इलाज नव्हता. वणीपर्यंत पुरेल एवढं पेट्रोल होतं, तिथे ती साधं भरणार होती. ती चाकाभोवती एक चक्कर मारून आली, मला पुन्हा विचारलं, नक्की काही होत नाही ना? मी म्हटलं, नाही होत, हळू चालव. तेवढ्यात माझ्या गाडीचं दार उघडलं. आई पिशवी काढून घेत होती.

मी विचारलं, आई, कुठे?

"मी हिच्याबरोबर जाते."

मग माझा बांध फुटला. रस्त्यात, हॉटेलात चहा पिणाऱ्या माणसांसमोर मी आईला विचारलं, काय आहे गं तिच्या गाडीत एवढं? माझ्या गाडीत तुला काय टोचतं? बसलीस की झोपतेस, तिच्या गाडीत मात्र राणीसारखी जागी. मी काय ड्रायव्हर आहे का तुझी?

आई माझ्याकडे बघतच राहिली, मी काहीतरी वेड्यासारखं विचारल्यासारखी. मग धाकटीला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या जवळ आली आणि म्हणाली, "अगं, तिच्या गाडीत मला डोळा लावता येतो का? घाबरट आहे ती. समोरून ट्रक आला की हातपाय गाळते. सारखं तिच्याशी बोलावं लागतं, पुढचं बघून सांगावं लागतं. माझा हात भरून येतो ती दांडी धरून. तुझ्या गाडीत बसलं की मला कसली काळजी नाही."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. कोणालाही वाटलं असतं. पण माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? म्हणजे तेही तिलाच. साय तिला, मोराची साडी तिला, आणि आईचा जीव टांगणीला लागतो तोही तिच्यासाठीच. माझ्या वाट्याला आईचं घोरणं.

आई धाकटीच्या गाडीकडे चालायला लागली. आणि मी म्हणून गेले, "आई, माझी गाडी खडखडतेय."

ती थांबली.

मी म्हटलं, घाटात चढताना इंजिनातून आवाज येत होता. पेट्रोल बदललं त्याचं असेल. जरा धाकधूक वाटतेय मला. आयुष्यात पहिल्यांदा मी आईला असं काही म्हणत होते, आणि ते धडधडीत खोटं होतं. गाडी इतकी गुळगुळीत कधी चालली नव्हती. धाकटी गाडीचं दार धरून माझ्याकडे बघत होती. ती घाटभर मागे बसलेली, आवाज असता तर तिला आला असता.

धाकटी म्हणाली, "हो आई, मलाही ऐकू आला."

म्हणजे तिथेही मोठं मन तिनेच दाखवायचं. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

आई दोन गाड्यांच्या मध्ये उन्हात उभी राहिली. मग धाकटीला म्हणाली, तू हो पुढे. रस्त्याच्या कडेने हळूहळू जा, घरी पोचलीस की फोन कर. "थोरली कधी काही सांगत नाही. सांगतेय म्हणजे खरंच काहीतरी असेल."

ती वळून आली, माझ्या गाडीचं दार उघडलं आणि पुढे बसली. पट्टा लावला. पदर खोचला. वरची दांडी तिने कधी धरलीच नव्हती, ती शोधायला तिला वेळ लागला.

वणी येईपर्यंत आई रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक मला दाखवत होती. बैलगाडी दाखवली, खड्डा दाखवला, वळणावरची शाळा दाखवली. मधेच कान देऊन विचारायची, येतोय का गं? मी म्हणायची, येतोय. वणीच्या पंपावर धाकटी साधं पेट्रोल भरताना दिसली, तिने हात केला, आईने केला नाही. तिचं लक्ष माझ्या इंजिनाकडे होतं. मग लहानपणी मला झालेल्या गोवराचं तिने काही सांगितलं, जे मला माहीतच नव्हतं. माझ्या उशाशी ती रात्रभर बसली होती म्हणे.

दिंडोरीच्या पुढे ऊन कलंडलं आणि आईच्या पापण्या मिटायला लागल्या. सकाळपासून दमलेली, त्या वयाची बाई. दांडीवरचा हात सैल होऊन मांडीवर आला. मान हळूहळू माझ्या बाजूला कलली. झोपू द्यायला हवं होतं. रस्ता सरळ होता, गाडी पाण्यासारखी चालली होती.

मी क्लच दाबून एकदम सोडला. गाडी गचका खाऊन पुढे गेली.

आई दचकून उठली आणि दांडी घट्ट धरली. "आला का गं?"

"आला," मी म्हटलं.